तापीच्या वाळूतले वेल

प्रकाशा गावच्या पुलावर बस थांबली तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग शहाद्याच्या दिशेने लांबवर लागली होती. कंडक्टर म्हणाला, अर्धा तास तरी जाईल. लोक पाय मोकळे करायला उतरले. मीही उतरले आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले.

सकाळी शहाद्याला शिक्षकांच्या बैठकीत मला दोन शब्द बोलायला सांगितले होते आणि मी मध्येच अडखळले होते. एवढंच. कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पण शहाद्यापासून इथपर्यंत मी तेच चघळत आले होते. तीस वर्षं वर्गात बोलते आहेस आणि तुला चार माणसांपुढे उभं राहता येत नाही. तुला काय येतं? हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. वय वाढलं तसा तो थकला नाही, फक्त कमी वेळा येतो.

खाली तापी होती. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवट, जड, जागचं न हलणारं पाणी. शेजारी एक कॉलेजातली मुलगी मोबाइलवर फोटो काढत होती. "केवढं पाणी आहे ना, मॅडम!" ती म्हणाली. मी हो म्हटलं. बंधारा झाल्यापासून नदी अशीच भरलेली असते आणि काठची शेतं त्यावर हिरवी आहेत, हे खरंच आहे. पण तिला कसं सांगणार, की त्या पाण्याखाली, पुलापासून थोडं वर, मी एक अख्खा हंगाम अनवाणी चालले आहे. तिथे वाळू होती. सकाळी थंड, दुपारी तव्यासारखी, आणि ओल्या जागी तिला एक वास यायचा. माठ नवा आणला की पहिल्या पाण्याला येतो ना, तसा. फक्त त्यात थोडं शेवाळ आणि थोडं शेणखत मिसळलेलं. तो वास मला गेल्या कित्येक वर्षांत कुठे भेटलेला नाही.

त्या वर्षी संक्रांत झाली आणि चार-पाच दिवसांनी वडिलांनी मला इथे, फुईकडे आणून सोडलं. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि नोकरी सोडून पळून आले होते.

नोकरी खापर गावाच्या वरच्या डोंगरात, एका आश्रमशाळेत होती. जून ते जानेवारी, जेमतेम सात महिने. मुलं घरची भिली बोलत. माझी मराठी त्यांच्या डोक्यावरून जाई आणि त्यांचं बोलणं माझ्या. एका सकाळी दुसरीच्या वर्गात रुमाली नावाच्या मुलीला मी एकच प्रश्न चार वेळा विचारला. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी तिच्या गालावर मारलं. फाडकन आवाज झाला. सगळा वर्ग गप्प झाला आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी रुमालीची जागा रिकामी होती. स्वयंपाकीण म्हणाली, पोरगी पहाटे टेकडीच्या वाटेने चढताना दिसली, कपड्यांचं गाठोडं घेऊन. तिसऱ्या दिवशी मी राजीनाम्याची चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि जीपने खाली उतरले.

नंदुरबारला घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. प्रकृती मानवली नाही, म्हटलं. दिवस मिरच्या वाळायचे होते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवरून वारा आला की गल्लीभर लोक खोकत. मी खिडकी लावून खाटेवर पडून राही. स्वतःशी मी ज्या शब्दांत बोलत होते, ते शब्द मी दुसऱ्या कुणासाठी कधी तोंडातून काढले नसते. वडिलांनी आठवडाभर पाहिलं आणि एका सकाळी म्हणाले, "फुईकडे जाय. फुवाना पाय मोडेल शे, ती एकली शे. आठे बठीसन काय करशी?"

फुवांचा पाय मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या यात्रेच्या सुमारास मोडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर. ओट्यावर कडुनिंबाखाली खाट टाकलेली आणि तिच्यावर ते उताणे. उंच, हाडकुळा माणूस. खाटेच्या बाहेर पाऊल आलेलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाळूतली वाडी होती. पावसाळ्याचं पाणी ओसरलं की नदीच्या पात्रात उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत भरायचं, टरबुजाचं आणि डांगराचं बी लावायचं. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. त्या वर्षी खड्डे घेऊन, बी टोचून झालं आणि फुवा पडले. नदी ओट्यापासून तीनशे पावलांवर, पण मध्ये उतार असल्याने खाटेवरून तिचा थेंबही दिसत नसे. पहाटे नावेच्या वल्ह्यांचा आवाज आला की ते मान वळवत आणि उताराकडे बघत राहत.

फुईने माझ्याकडे पाहिलं आणि कसली चौकशी केली नाही. "वाळूमा चाली येस का तुले?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने माझ्या हातात दोन घागरी दिल्या.

वाडीवर पाणी घागरीने घालायचं. वाळूत हात-दीड हात उकरलं की झिरा लागे. त्यात पाणी हळूहळू साठे, गार आणि इतकं स्वच्छ की तळाचा एकेक कण मोजावा. घागर बुडवताना तो जो डुबुक असा पोकळ आवाज यायचा, तो अजून माझ्या कानात आहे. प्रत्येक आळ्यात दोन-दोन पानांची रोपं होती. वाऱ्याने वाळू उडून ती दबू नयेत म्हणून उगवतीकडून पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे आडोसे रोवलेले. फुई सूर्य वर येईपर्यंत माझ्याबरोबर पाणी घाली आणि मग दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाई. नंतर वाडीवर मी एकटीच. लांब घाटावर दर्शनाला आलेली माणसं अंघोळी करत. त्यांचं बोलणं पाण्यावरून तुटक तुटक येई. देवळाची घंटा वाजे. आणि माझ्या डोक्यात तो एकच फाडकन आवाज.

पहिल्या संध्याकाळी मी घरी आले तसं फुवांनी विचारलं, "काय म्हनस वाडी?"

"अकरा आळ्यांतली रोपं मेली," मी म्हटलं. मला तेवढंच दिसलं होतं. दिवसभर मी मेलेलीच मोजत फिरले होते. ती काल-परवाच मेली असणार, तरी ती माझ्या हाताने मेली अशी माझी खात्री झाली होती.

फुवांच्या कपाळावर आठी आली. "मरेल कितला ते कसाले सांगस? मरेलना मी काय करसू? धरेल कोठे कोठे शे ते सांग. सकाय तठे पानी टाकनं शे."

मला सांगता येईना. जिवंत रोपांकडे मी पाहिलंच नव्हतं. फुवा वैतागले, भिंतीकडे तोंड करून पडले आणि मी चुलीपुढे बसून भाकरीचा तुकडाही न मोडता रडले. दुसऱ्या दिवशी, केवळ त्या म्हाताऱ्याच्या भीतीने, मी रांगेरांगेने वाकून पाहिलं. तिसरं पान कुठे फुटलंय, कुठे वेलीचा शेंडा जमिनीला लागलाय. संध्याकाळी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि बोटाने खाटेच्या दोरीवर काही मोजत होते. "मंग चौथी रांगना कोपराले जास्त पानी नको टाकू. तठे खालेच झिरा शे," ते म्हणाले. पात्र त्यांना पाठ होतं.

हळूहळू त्यांचा प्रश्न वाढत गेला. वेलींचं झालं की विचारत, "आखो काय चांगलं दखं?" वाळूवर काय, पाण्यावर काय, काठावर कोण. मला सुरुवातीला या प्रश्नाचा राग येई. आपल्यासारखीला काय चांगलं दिसणार? एकदा तर सुटका करून घ्यायला मी खोटंच सांगितलं, की नावेत बसून नवरा-नवरी पलीकडे गेली, तिची साडी पिवळी होती, डोक्याला बाशिंग होतं.

फुवांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पौष महिनामा कोनं लगीन लागनं, माय?"

आत चुलीपाशी फुई इतक्या जोराने हसली की तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. माझे कान तापले. आणि मग, डोंगरातून उतरल्यापासून पहिल्यांदाच, मलाही हसू फुटलं.

"काही दिसनं नही ते तसं सांग," फुवा म्हणाले. "खोटं नको सांगू. मी आठे पडेल शे, तुन्हा डोयानी दखस."

तुझ्या डोळ्यांनी मी बघतो, असं म्हणाले ते. त्यानंतर मला खोटं सांगता आलं नाही.

आता आठवायला बसलं की ते दिवस एकमेकांत मिसळतात; कोणत्या संध्याकाळी काय सांगितलं ते उरलेलं नाही. धुकं पाण्यावरून उठताना खालून तुटतं आणि नाव हवेत लटकल्यासारखी दिसते, हे मी सांगितलं होतं. एक टिटवी आडोशामागे बसलीय आणि मी पाणी घालायला गेले की पंख मोडल्याचं सोंग करत लांब पळते, हेही. एका धोबिणीने माझी बुडणारी घागर काठीने ओढून दिली. घाटावरच्या एका म्हातारीने ओळख ना पाळख आणि ओंजळभर शेंगदाणे पदरात घातले. आज झिऱ्याचं पाणी कोमट होतं. आज ओल्या वाळूवर कासव चालल्याची नक्षी होती. फुवा एकेका गोष्टीला पुरवणी जोडत. टिटवी कोणत्या अंगाला आहे ते विचारून घेत आणि म्हणत, तिथली दोन आळी सोडून दे, तिचं होऊ दे. फुई दादर ज्वारीच्या भाकरी थापत आतून हुंकार भरी. चुलीत पऱ्हाट्यांचा जाळ, कडुनिंबाचा कडसर धूर, ठेच्याचा ठसका. त्या वेळी मला ते नेहमीचं, कंटाळवाणं वाटायचं. आज कुणी त्यातली एक संध्याकाळ परत देईल तर मी जेवणसुद्धा मागणार नाही, नुसती उंबऱ्यावर बसून राहीन.

तो आवाज थांबला होता असं नाही. वाडीवर घागर उचलता उचलता तो येईच. पण संध्याकाळी फुवांना काहीतरी न्यायचं आहे, म्हणून मला अधूनमधून त्याच्याकडे पाठ करून बघावं लागे.

माघातली एक दुपार. दोरी विसरले म्हणून मी भर उन्हात घरी आले. ओट्याच्या कोपऱ्यावर असतानाच फुवांचं बोलणं कानावर आलं. जवळ कुणी नव्हतं. ते हातातल्या काठीने प्लास्टरवर टाकटाक मारत होते आणि म्हणत होते, "फुकटना खास. बठीसन खास. बाईना जीववर खास. काय कामना तू? काय कामना?"

मी कडुनिंबाच्या आड तशीच उभी राहिले. माझ्या डोक्यात बसलेला आवाज त्या माणसाच्या तोंडून, अहिराणीत, मी ऐकत होते. मला वाटायचं तो फक्त माझाच आहे, आणि खरा आहे म्हणूनच आहे. पण फुवांबद्दल तो जे म्हणत होता ते तर धडधडीत खोटं होतं. त्यांच्या सांगण्याशिवाय मी एक आळंही जगवलं नसतं.

मी पाय वाजवत पुढे गेले. काठी थांबली. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "फुवा, तिसरी रांगमा फूल लागनं."

"पिवळं?"

"पिवळंच. दोन फुलं शेत."

"नर का मादी?"

मला कळेना. ते कोपरावर उठायची धडपड करत होते. "फुलना खाले गाठ शे का? बारीक गाठ, मुगना दाना एवढी? नर फुल गयी जास, ते काही कामनं नही. जाय, दखीसन ये!"

मी दोरी विसरूनच पळाले. वाळू पायाला चटके देत होती. तिसऱ्या रांगेत गुडघे टेकून मी फूल बोटाने वर केलं. एकाखाली नुसता देठ होता. दुसऱ्याखाली मुगाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, लवदार, हिरवी गाठ. मी पळतच परत आले, ओट्यापर्यंत पोचेपर्यंत श्वास उरला नव्हता.

"शे! एकना खाले शे!"

फुवा खाटेवर मागे पडले. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानांकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. "शे ना?" ते म्हणाले. "मी बी टाकेल शे ते." बी त्यांनीच टोचलं होतं, पाय मोडायच्या आधी.

रुमालीचं मी फुईला सांगितलं ते त्यानंतर दोन-चार दिवसांनी. आम्ही दोघी वाडीवर होतो, ऊन उतरलं होतं, पाणी तांबूस झालं होतं. ती वेलींची तोंडं आळ्याकडे वळवत होती. मी मध्येच सगळं सांगून टाकलं. फुईने काम थांबवलं नाही.

"जोरमा मारी?"

"हा."

"वाईट कयं तू."

मला वाटलं होतं ती समजूत घालेल. ती घालत नव्हती. मी मान खाली घातली. थोड्या वेळाने तिने हात झटकले आणि माझ्यासमोर वाळूत बसली. उन्हाने काळवंडलेला चेहरा, नाकातली मोठी चमकी, केसांत वाळू.

"त्या म्हाताराले तू रोज हसाडस," ती म्हणाली. "तू येवाना आगोदर तो चार-चार दिन बोले नही. ते बी तूच कयं. ते बी शे, हाई बी शे. हाई धरीसन ते फेकाई जास का?"

हे धरलं म्हणून ते फेकलं जात नाही, असं म्हणत होती ती.

"पोर कोठे ऱ्हास ते म्हाईत शे ना तुले? मंग जाय, तिले सांग. आठे वाळूमा रडीसन तिले काय समजी?"

"ती भेटणार नाही फुई. माझं तोंडसुद्धा बघणार नाही."

"ते ती ठराई," फुई म्हणाली आणि उठून पुढच्या वेलीकडे गेली.

होळीनंतर फुवांचं प्लास्टर निघालं. दोन काठ्यांवर, मध्ये चार वेळा बसत, ते पहिल्यांदा उतार उतरून वाळूवर आले. मी मागे मागे राहत चालले होते, कारण माझ्या हातच्या वेली कशाही पसरल्या होत्या. फुवांच्या रांगा म्हणे दोरी लावल्यासारख्या सरळ असत. ते बराच वेळ उभे राहिले. पानांखालून टरबुजांच्या काळ्या-हिरव्या पाठी वर आल्या होत्या. डांगरांचा गोडसर वास वाऱ्याबरोबर थांबून थांबून येत होता. त्यांनी काठीच्या टोकाने एका वेलीची पानं बाजूला केली, वाकता येत नव्हतं तरी वाकले, आणि बोटाने टिचकी मारून कान दिला.

"पानी बराबर पडेल शे," ते म्हणाले.

रांगांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. पहिलं टरबूज आम्ही देवळात ठेवलं. दुसरं फुवांनी तिथेच वाळूवर मुठीने फोडलं. ऊन लागलेलं, आत मात्र गार. रस कोपरापर्यंत ओघळला आणि त्याला वाळू चिकटली. दातांखाली येणारे ते वाळूचे कण, आणि तो गोडवा. तसं टरबूज मी पुन्हा खाल्लेलं नाही.

पुलावरची रांग जरा हलली आणि थांबली. कॉलेजातली मुलगी केव्हाच बसमध्ये जाऊन बसली होती. मी कठड्यावरून त्या जागेचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. घाट तिथे, तर झिरा साधारण तिथे असणार. सगळीकडे एकसारखं पाणी. बंधाऱ्याचं काम सुरू व्हायच्या आधीच फुवा गेले. बरं झालं, त्यांनी वाळू बुडताना पाहिली नाही, असं फुई म्हणायची. तिने पाहिली. पाणी पहिल्यांदा अडलं त्या दिवशी ती उतारावर उभी राहून बघत होती म्हणे, आणि घरी येऊन तिने घागरी ओट्यावर पालथ्या घातल्या. मग तीही गेली. आता त्या घरात दुसरं कुणी राहतं. ओट्याला फरशी बसवली आहे आणि कडुनिंब नाही. बसमधून येताना मी बघून घेते दर वेळी.

पण फुईने सांगितलेलं काम मी केलं, ते तिच्या हयातीतच.

वैशाखात वेल सुकले, उपटून वाळूच्या कडेला टाकले, आणि मी खापरची बस धरली. शाळेला सुट्टी होती, पण मुख्याध्यापक तिथेच राहत. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि खणातून माझी चिठ्ठी काढून समोर ठेवली. "पुढे पाठवली नाही," ते म्हणाले. "रजेचा अर्ज करून द्या. पहिल्या वर्षी सगळेच अशी चिठ्ठी लिहितात, मीही लिहिली होती." सगळे महिने मी स्वतःला ज्या चिठ्ठीवरून दोष देत होते, ती त्यांच्या खणात पेन्सिलींखाली पडून होती.

रुमालीचा पाडा टेकडीच्या पलीकडे, दीड तास चढ. मोहाच्या झाडांखाली पानांचा खच होता. दोनदा मी खाली बसले आणि परत फिरायचं ठरवलं. एकदा तर दहा पावलं उतरलेसुद्धा. मग वाटेने एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन आली, तिने हाताने पाडा दाखवला आणि पुढे चालू लागली. मी तिच्या मागे गेले.

कुडाच्या भिंतींचं घर, सारवलेलं अंगण. रुमाली दारात बसून मोहाच्या टोळ्या, म्हणजे फळांतल्या बिया, फोडत होती. मला पाहून ती उठली आणि आईच्या मागे गेली. आई ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेली, थोडं मराठी, थोडं गुजराती मिसळून बोलायची. तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, मी रुमालीला मारलं होतं, म्हणून ती शाळा सोडून गेली, ते सांगायला आलेय.

आई गोंधळली. "सोडून नाय गेली. बाप टेकडीवर थांबलेला, घरी घेऊन आला. ट्रक आली खापरला, आम्ही सगळे गेलो ऊस तोडाया. हिला कोणाजवळ ठेवणार?"

ट्रक आली होती. कोणत्याही वर्षी येते तशीच.

मग रुमाली आईच्या मागून हळूच काही बोलली. बराच वेळ बोलली, आईच्या लुगड्याची कड बोटाला गुंडाळत. आईने तिला काही विचारलं, ती पुन्हा बोलली. मला एक अक्षर कळलं नाही.

"ती सांगते," आई म्हणाली, "बाईने मला मारलं. मग बाई रडली. मी बघितलं. मला उत्तर नाय आलं म्हणून बाई रडली, आणि मग बाई निघून गेली. होळीला आलो तेव्हा पोरांनी सांगितलं हिला, बाई गेली म्हणून. तेव्हापासून म्हणते, माझ्यामुळे गेली."

मोहाच्या झाडावर कुठेतरी पोपट ओरडत होते. मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मी वाळूत बसून स्वतःला कोसत होते आणि इथे आठ वर्षांची ही पोर तेच करत होती. तिच्यासाठी तर संध्याकाळी ओट्यावर कुणी वाट बघत नव्हतं.

"तिला सांगा," मी म्हटलं, "तिची काही चूक नव्हती. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. मी मारायला नको होतं. मी पुन्हा मारणार नाही. आणि मी जूनमध्ये परत येतेय."

आईने सांगितलं. रुमालीने एक डोळा बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. तिने लगेच हसून वगैरे काही दाखवलं नाही. ती आत निघून गेली. मला वाटलं, झालं. पण थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि खाटेपासून हातभर अंतरावर, माझ्याकडे अर्धी पाठ करून बसली. पुन्हा टोळ्या फोडू लागली.

ती माझ्या वर्गात आली, पुढे त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी पिशवीतून वही काढली आणि समोरून चाललेल्या कोंबडीकडे बोट दाखवून तिला विचारलं, हिला तुम्ही काय म्हणता? तिने सांगितलं. मी म्हटला तो शब्द. तिने मान हलवली, पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटला. रुमालीने हातातली टोळी खाली ठेवली आणि तोंडावर पालथा हात ठेवला, पण तिचे खांदे हलत होते. मग तिने झाडाचं नाव सांगितलं, मग चुलीचं, मग राखेचं. एकही मला नीट म्हणता येईना. आई पदर तोंडाला लावून हसत होती, शेजारच्या घरातल्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. रुमाली आता माझ्याकडे तोंड करून बसली होती, माझ्या ओठांकडे टक लावून, आणि प्रत्येक शब्द अगदी सावकाश, तुकडे करून सांगत होती. ऊन टेकडीमागे उतरेपर्यंत मी त्या अंगणात चुकत राहिले.